हातकागदाचा घरगुती संच: चौकटीला पैकीच्या पैकी, बाकीचं काठावर पास

रद्दीपासून घरच्या घरी कागद करायचा तयार संच विकत आणणं हा मुळातच थोडा गमतीचा प्रकार आहे. टाकाऊतून टिकाऊ करायचं म्हणून घरात एक कोरं खोकं आणायचं, आणि त्यातून प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली फडकी, स्पंज आणि पुड्या निघणार. यातलं बरंचसं प्रत्येक घरात आधीपासून पडलेलं असतं. तरी संच सरसकट मोडीत काढता येत नाही, कारण त्यातली एक वस्तू घरी सहसा नीट जमत नाही, ती म्हणजे जाळी ताणून बसवलेली चौकट. ती चांगली निघाली तर संच घेण्याजोगा. ती फसली तर बाकीच्या सामानाने काही भरून निघत नाही.

इथे विचार केलाय तो ए५ मापाचा ताव काढणाऱ्या, लाकडी चौकटींच्या संचाचा. या प्रकारच्या खोक्यात साधारण हे असतं: जाळी लावलेली एक चौकट, म्हणजे साचा, त्यावर बसणारी बिनजाळीची दुसरी चौकट, जिला डेकल म्हणतात, बोल्ट लावलेल्या दोन फळ्या, एक स्पंज, पाच-सहा फडकी, 'खळीची पूड', रंगाच्या दोन-तीन पुड्या, वाळलेल्या पाकळ्यांचं पाकीट आणि एक माहितीपत्रक. माहितीपत्रक सगळ्यात कच्चं. त्यावर विसंबून काम केलं तर पहिले दहा ताव वाया जातात, आणि लोकांना वाटतं आपला हातच जड आहे.

आधी चौकट. जाळीवर पट्टी ठेवून एका सेंटिमीटरमध्ये किती धागे येतात ते मोजा. १६ ते २० आले तर उत्तम. खिडकीला डासांसाठी लावतात ती जाळी सेंटिमीटरला सहा-सात धाग्यांची असते. काही स्वस्त संचांत चक्क तीच ठोकलेली असते. तिच्यातून आखूड तंतू पाण्याबरोबर वाहून जातात, उरलेले भोकांत अडकून बसतात, आणि ताव फडक्यावर उतरवताना निम्मा जाळीलाच धरून राहतो. उलट टोकाला, फार बारीक जाळीतून पाणी निथळायला वेळ लागतो आणि ओला ताव तिला चोखल्यासारखा चिकटतो. धागा पॉलिस्टरचा असावा. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं. कोरड्या जाळीवर बोट आपटलं तर डफासारखी थाप यायला हवी. मधोमध दोन-तीन मिलिमीटरची झोळी असली तरी लगदा तिथे गोळा होतो आणि प्रत्येक ताव मध्ये जाड, कडेला विरळ निघतो. हा दोष हाताच्या कौशल्याने जात नाही. जाळी सोडून पुन्हा ताणावी लागते.

लाकूड बहुतेक वेळा मऊ आणि कोरं असतं. चार-पाच वेळा भिजून वाळलं की ते पीळ खातं, मग दोन चौकटी एकमेकींवर सपाट बसत नाहीत आणि फटीतून लगदा बाहेर सरकतो. म्हणून खोकं उघडल्या दिवशीच काम सुरू करू नका. दोन्ही चौकटींना पाण्याला टिकणाऱ्या वॉर्निशचे दोन हात द्या, जाळीला ब्रश लागू न देता, आणि दुसरा हात दिल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या. कोपरे नुसते पांढऱ्या डिंकाने चिकटवलेले असतील तर ते भिजून सुटणारच. प्रत्येक कोपऱ्यात एक बारीक पितळी स्क्रू बसवला की प्रश्न मिटतो. जाळी ठोकलेल्या पिनांना चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर त्या लोखंडी असण्याचीच शक्यता जास्त, आणि दोन आठवड्यांत तावांच्या कडेला तांबूस डाग यायला लागतील. प्रत्येक पिनेवर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो.

आणि वरच्या चौकटीची उंची. याकडे कोणी बघत नाही, पण कागदाची जाडी इथे ठरते. ए५ म्हणजे सुमारे ३११ चौरस सेंटिमीटर. चौकट २ सेंटिमीटर उंच असली तर ती एका वेळी साधारण ६०० मिलिलिटर लगद्याचं पाणी धरते. १ सेंटिमीटरची असली तर निम्मंच. त्याच टबातून त्याच हाताने काढलेला ताव मग निम्म्या जाडीचा निघतो. भेटकार्डासाठी २ सेंटिमीटरची चौकट हवी. आखूड असेल तर त्याच मापाच्या लाकडी पट्ट्या खाली चिकटवून ती वाढवता येते.

आता लगदा, म्हणजे खरा कागद. माहितीपत्रकात 'कोणताही जुना कागद चालेल' असं लिहिलेलं असतं. हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. कागद टिकतो तो तंतूंच्या लांबीवर आणि ते एकमेकांना किती धरतात यावर. त्यात डिंक नसतो. पाणी उडून जाताना सेल्युलोजचे तंतू जवळ येऊन हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात, एवढंच. आणि एकदा वाळलेला तंतू पुन्हा भिजवला तरी पहिल्याइतका फुगत नाही, थोडा ताठरच राहतो. म्हणून रद्दीचा कागद कोऱ्या तंतूंच्या कागदापेक्षा कमजोरच असणार, आणि रद्दी निवडताना चोखंदळ असावं लागतं.

घरातला सगळ्यात भरवशाचा माल म्हणजे एका बाजूला छापलेली ए४ पानं आणि जुन्या वह्या. तपकिरी पुठ्ठ्याची खोकी त्याहून चिवट. त्यातले तंतू लांब असतात. पुठ्ठा रात्रभर भिजवून त्याचे थर सोलून घ्यायचे, आतली नागमोडी पट्टी वेगळी आणि बाहेरचा सपाट कागद वेगळा, आणि हा बाहेरचा कागद पांढऱ्या लगद्यात एक चतुर्थांश मिसळायचा. रंग साखरेच्या पोत्यासारखा मातकट होतो, पण ताव दुमडला तरी तडकत नाही. संचाचं खोकं पुठ्ठ्याचं असेल तर तेही याच कामाला घ्या. वरची चकचकीत छापील बाजू मात्र सोलून टाका.

वर्तमानपत्र टाळा, निदान भेटवस्तूंसाठी. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातलं तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, राहिलेलं असतं, उजेडात ते पिवळं पडतं आणि कार्ड काही महिन्यांत जुनाट दिसायला लागतं. गुळगुळीत मासिकांच्या पानांत वजनाचा मोठा भाग माती आणि खडूच्या भुकटीच्या लेपाचा असतो. त्यांचा ताव वाळल्यावर बोटांना पांढरी पूड लावतो. अंड्यांचे ट्रे आधीच बऱ्याच फेऱ्या झालेल्या कागदाचे असतात, तंतू अगदी आखूड. वाटीसारख्या जाड वस्तूला चालतात, तावाला नाहीत. कागदी कपांना आतून पॉलिथिनचं अस्तर असतं. स्वयंपाकघरातले पुसायचे जाड कागदी टॉवेल ओले झाले तरी फाटू नयेत म्हणूनच बनवलेले असतात, त्यामुळे मिक्सरमध्येही त्यांच्या चिंध्याच राहतात. चिकटपट्टी, लिफाफ्याची प्लास्टिकची खिडकी, पिना आधीच काढा. डिंकाचा एक चिकट कण जाळीत बसला की पुढच्या प्रत्येक तावाला तिथेच भोक पडतं. आणि दुकानातल्या गुळगुळीत पावत्या अजिबात घेऊ नका. नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उमटली तर ती थर्मल पावती. तिच्या लेपात बऱ्याचदा बिस्फेनॉल जातीची, शरीराला अपायकारक रसायनं असतात, आणि तो लगदा आपण उघड्या हातांनी ढवळणार असतो.

छपाईच्या शाईबद्दल लोक उगाच घाबरतात. लेझर प्रिंटरची शाई म्हणजे प्लास्टिकची पूड. ती विरघळत नाही, काळ्या-करड्या ठिपक्यांसारखी राहते, आणि दिसायला ते वाईट नसतं. इंकजेटची शाई सुटून सगळा लगदा राखाडी करते. तिथे एक-दोनदा धुणं बरं. हा प्रश्न जुनाच आहे. १७७४ साली ग्योटिंगेनच्या युस्टुस क्लाप्रोट यांनी छापील कागदाचा पुन्हा कागद करायची रीत मांडली, आणि शाई काढायला मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती वापरली. घरी इतकं करायची गरज नाही. लगदा सुती कापडात घेऊन वाहत्या पाण्याखाली हाताने चाळवायचा, पाणी नितळ निघेपर्यंत. यात शाईबरोबर कागदातली खडूची भुकटीही जाते, आणि छपाईच्या कागदात ती वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी असते. ताव कमी निघतात, पण चिवट निघतात.

मापं अशी. ए४ पान हे चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं, एक पान बरोबर ५ ग्रॅम भरतं. आपल्याला कार्डासाठी साधारण १२० जीएसएमचा ए५ ताव हवा, म्हणजे प्रत्येकी पावणेचार ग्रॅम. १५ पानं, म्हणजे ७५ ग्रॅम कागद, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून रात्रभर भिजवा. फाडलेले तुकडे कापलेल्यापेक्षा बरे. फाडताना तंतू सुटे होतात, कात्री ते तोडते. टब निदान ३५ बाय २८ सेंटिमीटरचा आणि त्यात १२ लिटर पाणी, म्हणजे पाण्याची खोली बारा सेंटिमीटर होते. माहितीपत्रकातल्या चित्रात उथळ ताट दाखवलेलं असतं. त्यात साचा तिरका बुडतच नाही, तळाला आपटतो आणि लगदा एका बाजूला ढकलला जातो. हिशोबाने या मालातून वीस ताव निघायला हवेत. प्रत्यक्षात चौदा-पंधरा निघतात, कारण काही भुकटी पाण्याबरोबर जाते आणि शेवटचा लगदा इतका पातळ होतो की तो गाळूनच घ्यावा लागतो.

मिक्सरचं भांडं खाण्याच्या कामातून निवृत्त झालेलं घ्या. एका वेळी एक लिटर पाणी आणि फक्त दोन पानांचे तुकडे. दहा सेकंदांचे तीन फेरे, मध्ये थोडं थांबून. मोटारीचा आवाज जड झाला तर लगदा घट्ट आहे, पाणी वाढवा. इथे हात सैल सोडला की घात होतो. 'अगदी बारीक, मलईसारखं' करायचा मोह होतो, पण मिक्सरचं पातं तंतू ठेचत नाही, कापतं. कागदगिरण्यांत सतराव्या शतकापासून हॉलंडर नावाची यंत्रं आली ती याच कामासाठी, तंतू रगडून त्यांची टोकं पिंजायला. पात्याला ते जमत नाही. दोन मिनिटं फिरवलेला लगदा दिसतो छान, पण त्याचा ताव बिस्किटासारखा मोडतो. तपासायची सोपी रीत: चमचाभर लगदा काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि उजेडासमोर धरा. अक्षर ओळखू येईल असा तुकडा दिसला तर आणखी एक फेरा. ढगासारखा सारखा धूसरपणा दिसला तर थांबा.

ताव काढताना आधी साचा पाण्यात भिजवून घ्या. टब हाताने तळापासून ढवळा आणि चार-पाच सेकंदांत साचा घाला. तंतूंना गुठळ्या धरायला फार वेळ लागत नाही, आणि ढवळून थांबलं की ताव ढगाळ निघतो. जाळीची बाजू वर, त्यावर दुसरी चौकट, दोन्ही घट्ट धरून समोरच्या कडेने तिरकं आत, पाण्याखाली आडवं, आणि एका दमात सरळ वर. पाणी निथळत असताना एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे हलका हिसका. तंतू त्याने आडवे-उभे गुंततात. पाणी दिसेनासं झाल्यावर हलवलं तर बसलेले तंतू सरकून भेगा पडतात. वरची चौकट उचलताना तिच्या कडेचं पाणी तावावर टपकू देऊ नका. एकेका थेंबाने वाळल्यावर उजेडात दिसणारा पातळ गोल ठिपका राहतो. ताव बिघडला तर पुसून काढू नका. साचा उलटा करून टबाच्या पाण्याला टेकवा, लगदा आपोआप सुटतो. दर दोन तावांमागे पेलाभर घट्ट लगदा टबात वाढवा, नाहीतर ताव उतरत्या क्रमाने विरळ होत जातात आणि दहावा ताव हातात पारदर्शक येतो.

फडकी. संचातली कोरी सुती फडकी बघायला छान, कामाला पहिल्या दिवशी निकामी. कोऱ्या कापडाला कांजी असते, ते पाणी ओढत नाही. गरम पाण्यात दोनदा धुतल्याशिवाय वापरू नका. त्यापेक्षा मऊ झालेली जुनी चादर बरी, ३० बाय २२ सेंटिमीटरचे तुकडे कापून. टॉवेलचं कापड नको, त्याच्या धाग्यांचे फासे तावात रुतून बसतात. फडकं ओलं हवं. कोरडं असलं तर ताव त्यावर उतरतच नाही, आणि नवख्या माणसाचा इथेच धीर सुटतो. साच्याची एक लांब कड फडक्यावर टेकवून, दार लावावं तसा साचा फिरवत खाली आणायचा, मागून जाळीवर स्पंज दाबून तीन-चार वेळा पाणी टिपायचं आणि पहिली टेकवलेली कडच आधी उचलत साचा सोडवायचा. फडक्यांच्या खाली जुन्या घोंगडीची घडी, मधोमध किंचित उंच, ठेवली तर हे काम निम्मं सोपं होतं. संचातला स्पंज छोटा असतो. भांडी धुवायचा मोठा घ्या.

बोल्ट लावलेल्या दोन फळ्या ही संचातली सगळ्यात दिखाऊ वस्तू. पातळ प्लायवूड चार कोपऱ्यांना आवळलं की मध्ये फुगतं. कडा दाबल्या जातात, मध्य ओलाच राहतो, आणि वाळताना ताव थाळीसारखा वळतो. १८ मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या घ्या, मध्ये ताव आणि फडक्यांची चळत ठेवा आणि वर उभे राहा. ६० किलोचा माणूस ए५ तावावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० ग्रॅम दाब देतो. पहिलं मिनिटभर एकच पाय, हळूहळू. एकदम वजन टाकलं तर सुटणारं पाणी तावाला फाडत बाहेर पडतं. मग वर भरलेली बादली ठेवून पंधरा मिनिटं सोडा. दाब जितका बरा तितका कागद घट्ट, कारण जवळ न आलेले तंतू बंध धरत नाहीत. माहितीपत्रकात दाबण्याला एक ओळ आहे आणि फुलांच्या सजावटीला दोन पानं. उलट हवं होतं.

वाळवणं हा दुसरा वगळलेला भाग. उन्हात दोरीवर टाकलेला ताव एका बाजूने आधी आकसतो आणि सुरळी होतो. फडक्यासकट उचलून ताव काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर उलटा लावा, फडक्यावरून रुंद मऊ ब्रशने मधून कडेकडे दाबत जा, मग फडकं सोलून काढा. हवेप्रमाणे आठ ते चोवीस तासांत ताव वाळतो आणि कडा आपल्याआप सुटतात. घाईने ओढला तर वाळलेला भाग सरळ, ओला भाग वाकडा. काचेकडची बाजू गुळगुळीत येते. लिहायला तीच घ्या. घाईच असेल तर अर्धवट ओल्या तावावर कापड ठेवून बिनवाफेची इस्त्री, मध्यम गरम.

खळीच्या पुडीबद्दल मात्र तक्रारच आहे. 'एक चमचा पूड टबात टाका' अशी सूचना असते. पुडीत साधं स्टार्च असेल, आणि बहुधा तेच असतं, तर गार पाण्यात त्याचे कण तसेच राहतात. साधारण ६५ ते ७० अंशांपुढे तापल्याशिवाय ते फुलत नाहीत. टबातली पूड जाळीतून सरळ निघून जाते. खळ लागते ती शाई पसरू नये म्हणून. बिनखळीच्या तावावर पेन टेकवलं की अक्षराला कोळ्यासारखे पाय फुटतात. बरोबर रीत: १० ग्रॅम पूड थोड्या गार पाण्यात कालवून अर्धा लिटर उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईतो ढवळा, कोमट झाल्यावर गाळा. दोन-तीन दिवस वाळलेल्या तावावर रुंद ब्रशने एकाच दिशेने एक हात, दोन्ही बाजूंना, मग पुन्हा काचेवर. खळ घट्ट झाली तर कागद कडकडीत होतो आणि घडीवर तडकतो. खळीच्या कागदाला कसर लागते, म्हणून साठवण कोरड्या जागी.

रंगाच्या पुड्या बाजूला ठेवा. त्यातला बराच रंग तंतूंना धरत नाही, पाण्यातच राहतो, आणि हात, फडकी, टब सगळं रंगवून जातो. गडद रंगीत कार्डपेपरचे कपटे मिक्सरच्या शेवटच्या फेऱ्यात टाकले तर पांढऱ्या तावात रंगीत कण विखुरतात. याला काही खर्च नाही. पाकळ्यांचं पाकीटही असंच बेभरवशाचं. लाल-जांभळ्या पाकळ्यांचा रंग सामूप्रमाणे, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी यावर, पालटतो, आणि छपाईच्या कागदातल्या खडूने लगदा किंचित अल्कधर्मी असतो. गुलाबी पाकळी टबात निळसर-हिरवट झाली तर तिला दोष देऊ नका. झेंडूचा पिवळा-केशरी टिकतो. पाकळ्यांभोवती उठणारी तपकिरी प्रभावळ टाळायची तर त्या मिनिटभर उकळून, पाणी टाकून, मग वापरा. टबात टाकण्यापेक्षा ताव फडक्यावर उतरल्यावर हव्या तिथे ठेवा आणि वर लगद्याच्या पातळ पाण्याचा चमचा सोडा, म्हणजे पाकळी तंतूंखाली अडकते.

बियांचा कागद करायचा असेल तर बी मिलिमीटरभराहून जाड नको, मिक्सरला दाखवायचं नाही, दाब बेताचा आणि इस्त्री वर्ज्य. ताव चोवीस तासांत वाळलाच पाहिजे, नाहीतर बी कागदातच मोड काढतं किंवा बुरशी येते. तुळस, सब्जा, हळीव यांचं बी भिजलं की बुळबुळीत गर धरतं. ते जाळीला आणि फडक्याला चिकटतं, ताव फाटतो.

तयार तावांचं काय होतं? ए५ ताव मधोमध दुमडला की ए६ कार्ड. दुमडण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ दाबून घ्या आणि रेघेवर ओलं बोट फिरवा; कोरडा दुमडला तर घडीवर तंतू उभे राहतात. लिफाफ्याला ताव पातळ हवा, ८०-९० जीएसएमचा, म्हणून लिफाफ्याचे ताव टब विरळ होत आला की शेवटी काढा. फाटलेल्या तावांच्या चिठ्ठ्या होतात. कात्रीऐवजी पट्टी धरून ओली रेघ ओढून फाडल्या तर कडा मूळ तावासारखी झिरझिरीत राहते. वाटी करायची तर घट्ट पिळलेल्या लगद्यात दहाव्या हिश्श्याइतका पांढरा डिंक मळा आणि पातळ प्लास्टिक लावलेल्या भांड्याच्या आतून चार-पाच मिलिमीटरचा थर द्या. बाहेरून दिलात तर फसाल: लगदा वाळताना आकसतो, आतला थर आपोआप सुटतो, बाहेरचा भांड्याला आवळून तडकतो. लेझर प्रिंटरमध्ये हे ताव घालू नका. सुटे तंतू आत जमतात. हाताने लिहा, नाहीतर रबरी शिक्का वापरा.

काम झाल्यावर टबाचं पाणी थेट मोरीत ओतू नका, लगदा पाइपाच्या वळणावर बसून घट्ट होतो. सुती कापडातून गाळा, चोथा पिळून त्याचे लिंबाएवढे गोळे करून वाळवा. पुढच्या वेळी रात्रभर भिजवून मिक्सरचा एकच फेरा द्यायचा. ओला लगदा दोन-तीन दिवसांत आंबूस वास धरतो, झाकून ठेवला तर अधिकच लवकर. जाळी वाहत्या पाण्याखाली मागच्या बाजूने धुवा, भोकांतले तंतू पुढून पडतात. वाळलेले तंतू नंतर दात घासायच्या ब्रशनेही निघत नाहीत. चौकट आडवी ठेवून सावलीत वाळवा. भिंतीला टेकवून ठेवली की ती पीळ खायला लागते, आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा कडेच्या फटीतून लगदा बाहेर.